हात जपायचा की बाजी मारायची? बेसबॉलमधले काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुलै संपत आला की अमेरिकेतल्या बेसबॉलप्रेमींमध्ये दोन वाद हटकून पेटतात. पहिला ट्रेड डेडलाइनचा. ३१ जुलैच्या आसपास संघांना खेळाडूंची अदलाबदल करण्याची शेवटची संधी असते. तेव्हा एखादा अनुभवी खेळाडू मिळवण्यासाठी आपली होतकरू मुलं देऊन टाकावीत का? दुसरा वाद तरुण पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, हाताचा. शस्त्रक्रियेतून नुकत्याच सावरलेल्या मुलाला ऑक्टोबरपर्यंत खेळवायचं की मध्येच थांबवायचं? हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत : आजच्या जेतेपदासाठी उद्याचं किती पणाला लावायचं?

वाद समजून घेण्यापुरती थोडी ओळख. बेसबॉलची इनिंग म्हणजे क्रिकेटचा डाव नव्हे. समोरच्या संघाचे तीन गडी बाद केले की पिचरची एक इनिंग पूर्ण होते. सामना नऊ इनिंगचा आणि हंगाम १६२ सामन्यांचा. सामन्याची सुरुवात करणारा पिचर साधारण दर पाचव्या दिवशी मैदानात उतरतो. त्यानंतर ऑक्टोबरात बाद फेऱ्या, म्हणजे प्लेऑफ.

गैरसमज १ : स्ट्रासबर्गला बसवलं म्हणून वॉशिंग्टन हरलं.

वस्तुस्थिती : या वादातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण २०१२ चं. वॉशिंग्टन नॅशनल्सच्या स्टीफन स्ट्रासबर्गने ८ जून २०१० रोजी पदार्पणातच पिट्सबर्गचे १४ फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू टोलवू न देता बाद, केले होते. त्याच ऑगस्टमध्ये त्याच्या कोपराचं लिगामेंट फाटलं आणि सप्टेंबरात शस्त्रक्रिया झाली. २०१२ हा त्याचा त्यानंतरचा पहिला पूर्ण हंगाम. संघाचे जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी हंगामाआधीच सांगून टाकलं होतं, की त्याला एका मर्यादेपलीकडे खेळवणार नाही. २८ सामने, १५ विजय, १९७ स्ट्राइकआउट, १५९ इनिंग आणि वर एक गडी. ७ सप्टेंबरच्या सामन्यानंतर त्याला थांबवलं गेलं. संघ ९८ सामने जिंकून प्लेऑफमध्ये गेला. वॉशिंग्टन शहराच्या वाट्याला हे १९३३ नंतर प्रथमच येत होतं.

पाच सामन्यांच्या मालिकेत सेंट लुईस कार्डिनल्सने त्यांना ३-२ असं हरवलं. शहराने खापर रिझो यांच्यावर फोडलं. पण ती मालिका नीट पाहिली तर तिसऱ्या सामन्यात नॅशनल्सला एकही धाव काढता आली नव्हती, आणि शून्य धावांवर कुठलाच पिचर सामना जिंकून देऊ शकत नाही. पाचव्या सामन्यात संघ ६-० असा पुढे होता, नवव्या इनिंगला ७-५ होता, आणि तिथून अखेरच्या पिचरला चार धावा बसून ९-७ असा हरला. स्ट्रासबर्ग असता तर संघ अधिक बळकट असता हे खरंच. पण अशा मालिकेत तो एखादा, फार तर दोन सामने टाकू शकला असता. तेवढ्यावरून तो असता तर जिंकलोच असतो, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

रास्त आक्षेप वेगळा आहे. मर्यादा आधीच ठाऊक होती, तर त्या इनिंग ऑक्टोबरसाठी राखून का ठेवल्या नाहीत? अटलांटा ब्रेव्हजने त्याच वर्षी नेमकं हेच केलं. २०१० मध्ये तशीच शस्त्रक्रिया झालेल्या क्रिस मेडलेनला त्यांनी आधी राखीव पिचर म्हणून थोडं थोडं वापरलं आणि ३१ जुलैपासून सुरुवातीचा पिचर केलं. त्या हंगामात त्याने एकूण १० विजय मिळवले, पराभव एकच. प्लेऑफचा सामनाही त्यानेच सुरू केला. अटलांटा तो सामना हरलं, पण हात जपण्याच्या वाटा एकापेक्षा जास्त आहेत हे त्यातून दिसलं.

गैरसमज २ : १६० इनिंग हा विज्ञानाने ठरवलेला आकडा आहे.

वस्तुस्थिती : असा कोणताही आकडा विज्ञानाने ठरवलेला नाही. रिझो यांच्यासमोर संघातल्याच जॉर्डन झिमरमनचं उदाहरण होतं. तीच शस्त्रक्रिया झाल्यानंतर २०११ मध्ये त्याला १६१ इनिंगनंतर थांबवलं होतं आणि पुढच्या वर्षी तो उत्तम खेळला होता. एका खेळाडूच्या अनुभवावरून दुसऱ्यासाठी अंदाज बांधला गेला, इतकंच.

‘पंचवीस वर्षांपर्यंतच्या पिचरच्या इनिंग एका वर्षात तीसपेक्षा जास्त वाढवू नयेत’ असाही एक ठोकताळा पत्रकार टॉम व्हर्डुची यांनी मांडला आणि तो बराच रूढ झाला. आकडेवारीच्या अभ्यासकांनी पुढे तो तपासला तेव्हा त्याला भक्कम आधार मिळाला नाही.

मुळात इनिंग हे श्रमाचं चांगलं मापच नाही. एक इनिंग आठ चेंडूंतही संपते आणि पस्तीस चेंडूंतही. सामन्याआधीचा सराव, दोन सामन्यांमधली फेक, यांची मोजदाद इनिंगमध्ये होत नाही. म्हणूनच मुलांच्या लिटल लीगने २००७ पासून इनिंग मोजणं सोडून चेंडू मोजायला सुरुवात केली.

गैरसमज ३ : इनिंग मोजून टाकल्या की हात वाचतोच.

वस्तुस्थिती : नियम पाळूनही हात जातो आणि मोडूनही जातो. न्यूयॉर्क मेट्सचा मॅट हार्वी २०१५ मध्ये शस्त्रक्रियेनंतर परतला. त्याचे एजंट स्कॉट बोरास १८० इनिंगची मर्यादा सांगत होते, पण संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे जेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत, पोहोचला आणि हार्वीच्या इनिंग प्लेऑफ धरून २१६ झाल्या. पुढच्याच वर्षी त्याच्या खांद्याजवळच्या नसांवर दाब आल्याने शस्त्रक्रिया करावी लागली आणि तो पूर्वीचा हार्वी पुन्हा दिसला नाही. ‘बघा, ऐकलं नाही म्हणून!’ असं म्हणायचा मोह होतो. पण मोजूनमापून वापरलेल्या मेडलेनला २०१४ मध्ये कोपराची दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागली. आणि ज्या स्ट्रासबर्गला इतकं जपलं, त्यालाही २०२१ मध्ये हार्वीसारखीच नसांवरच्या दाबाची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

याचा अर्थ जपणं व्यर्थ आहे, असा मुळीच नाही. मर्यादा म्हणजे हमी नव्हे, तिने धोका कमी होऊ शकतो एवढंच. आणि एका खेळाडूच्या नशिबावरून अख्ख्या धोरणाचा निकाल लावता येत नाही.

गैरसमज ४ : जुने पिचर दणकट होते, आजची मुलं नाजूक आहेत.

वस्तुस्थिती : नोलन रायनने १९७४ मध्ये ३३२ इनिंग टाकल्या, हे खरं. पण आपल्याला रायन आठवतो कारण तो टिकला. ज्यांचे हात विशीतच गेले त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. सँडी कोफॅक्ससारखा महान पिचरसुद्धा १९६६ मध्ये ३२३ इनिंग टाकून, २७ सामने जिंकून, सांधेदुखीने जर्जर झालेल्या कोपरामुळे तिसाव्या वर्षी निवृत्त झाला.

शिवाय काम बदललं आहे. मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतल्या, फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ मध्ये ९४.२ मैल झाला. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरच्या दुखापतींवर सविस्तर अहवाल काढला. त्यात वाढता वेग, चेंडू जास्तीत जास्त वळवण्याची धडपड आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीनिशी टाकण्याची सवय ही प्रमुख कारणं दिली आहेत. पूर्वीचा पिचर नऊ इनिंग पुरवायच्या म्हणून ताकद राखून टाकत असे. आजच्या पिचरकडून तशी अपेक्षाच केली जात नाही.

क्रिकेटच्या गोलंदाजाला चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही. पिचरचा चेंडू मात्र वाकलेल्या कोपरातून चाबकासारखा सुटतो. त्या क्षणी कोपरावर येणारा ताण एकट्या लिगामेंटने पेलायचा म्हटलं तर ते तुटेल. आजूबाजूचे स्नायू तो ताण वाटून घेतात. स्नायू दमले की तो वाटा पुन्हा लिगामेंटवर येतो. थकव्याची भीती बाळगायची ती याच कारणाने.

गैरसमज ५ : टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर हात पूर्वीपेक्षा जोरदार होतो.

वस्तुस्थिती : डॉ. फ्रँक जोब यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉनच्या कोपरात, फाटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडचा स्नायुबंध बसवला. स्ट्रासबर्ग आणि मेडलेन यांच्या कोपरावर झालेली शस्त्रक्रिया ती हीच. जॉन १९७५ चं पूर्ण वर्ष बाहेर राहिला, १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे. हे यश इतकं झळाळतं ठरलं की काही मुलांना आणि पालकांना निरोगी हातावरही ही शस्त्रक्रिया करून घ्यावीशी वाटू लागली. ही समजूत घातक आहे. नवा स्नायुबंध वेग देत नाही. वेग वाढल्यासारखा वाटतो तो वर्षभराच्या कसून व्यायामामुळे आणि वाढत्या वयामुळे. परतायला बारा ते अठरा महिने लागतात आणि काही जण पूर्वीच्या ताकदीने कधीच परतत नाहीत.

गैरसमज ६ : डेडलाइनला मोठं नाव आणलं की चषक आलाच. किंवा उलट, होतकरू मुलं दिली की भविष्य विकलंच.

वस्तुस्थिती : ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने डॉयल अलेक्झांडरला आणलं. त्याने नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही. पण डेट्रॉइट वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचलं नाही, आणि बदल्यात अटलांटाला दिलेला अननुभवी मुलगा होता जॉन स्मोल्ट्झ, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. याउलट २०१६ मध्ये शिकागो कब्जने अरोल्डिस चॅपमनसाठी ग्लेबर टॉरेस हा अत्यंत गुणी मुलगा यांकीजना दिला आणि १९०८ नंतर प्रथमच जेतेपद मिळवलं. शिकागोत त्या सौद्याबद्दल हळहळणारे फारसे सापडणार नाहीत.

आणि मोठं नाव लागतंच असंही नाही. जुलै २०२१ मध्ये अटलांटाचा हुकमी फलंदाज रोनाल्ड अकुन्या ज्युनियर गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला. संघाने त्या महिन्यात पीडरसन, डुव्हॉल, सोलर आणि रोझारिओ हे चार बाह्यक्षेत्ररक्षक आणले. सगळे मध्यम किमतीचे. केवळ ८८ सामने जिंकलेला तो संघ विश्वविजेता झाला आणि वर्ल्ड सिरीजचा मानकरी ठरला होर्हे सोलर.

जुलैत आणलेला साधा, भरवशाचा पिचर तरुण पिचरच्या खांद्यावरचं ओझंही वाटून घेतो, हे फार कमी बोललं जातं. २०१२ च्या जुलैत नॅशनल्सने स्ट्रासबर्गची जागा घेऊ शकेल असा मोठा पिचर आणला नाही. आक्षेप घ्यायचाच तर तो स्ट्रासबर्गला थांबवण्यापेक्षा यावर घेता येतो.

गैरसमज ७ : ट्रेड म्हणजे खेळाडूने संघ बदलणं.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा खेळाडूला कुणी विचारतही नाही. मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढली, तरच नकाराचा हक्क मिळतो. नाहीतर तशी अट करारात असावी लागते. २९ जुलै २०१५ ला मेट्सच्या विल्मर फ्लोरेसला आपण विकले गेल्याची बातमी चालू सामन्यात प्रेक्षकांकडून कळली. किशोरवयापासून तो त्याच संघात होता. मैदानावर उभा राहून तो डोळे पुसत होता. सौदा फिसकटला, आणि दोन दिवसांनी, ३१ जुलैला, त्यानेच बाराव्या इनिंगमध्ये होमरन मारून नॅशनल्सविरुद्धचा सामना जिंकून दिला. आपण ज्यांना ‘देऊन टाका’ म्हणतो ती अशी माणसं असतात.

मग भरवसा कशावर ठेवायचा?

सर्वांत भक्कम पुरावा आहे तो मुलांबद्दलचा. नऊ ते चौदा वयाच्या पिचरचा दहा वर्षं पाठपुरावा करणारा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षात शंभरपेक्षा जास्त इनिंग टाकणाऱ्या मुलांमध्ये गंभीर दुखापतीचं प्रमाण साडेतीन पट आढळलं. २००६ च्या एका अभ्यासात, हात दमलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्या किशोरांना शस्त्रक्रियेचा धोका छत्तीस पट दिसला. त्यानंतर मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून वयानुसार मर्यादा सांगितल्या : नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला ७५ चेंडू, अकरा-बारा वर्षांच्याने ८५, आणि त्यानंतर विश्रांतीचे ठरावीक दिवस. अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांतली मुलं लिटल लीगमध्ये खेळतात, त्यांनी हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवावेत.

पण आकड्याइतकाच मोलाचा एक प्रश्न आहे : ‘हात दमलाय का?’ २०१५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात मेट्स २-० ने पुढे असताना व्यवस्थापक टेरी कॉलिन्स हार्वीला थांबवणार होते. हार्वीने हट्ट धरला, नवव्या इनिंगला तोच गेला, कॅन्सस सिटीने बरोबरी साधली आणि पुढे सामना व मालिका जिंकली. सव्वीस वर्षांचा, मोबदला घेऊन खेळणारा खेळाडूही ‘दमलो’ म्हणत नाही. बारा वर्षांचं पोर कुठून म्हणणार? ‘दमलो’ म्हटल्याने संघातली जागा जाणार नाही, हा विश्वास त्याला मोठ्यांनीच द्यायला हवा.

स्ट्रासबर्ग २०१९ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात नवव्या इनिंगपर्यंत टाकत राहिला. त्या प्लेऑफमध्ये त्याने पाच सामने जिंकले, एकही हरला नाही. नॅशनल्स विश्वविजेते झाले आणि मालिकेचा मानकरी तोच ठरला. त्यानंतर तो अवघे आठ सामने सुरू करू शकला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला. २०१२ चा निर्णय बरोबर होता की चूक, हे यातल्या कुठल्याच गोष्टीने सिद्ध होत नाही. चोवीस वर्षांच्या मुलाच्या हाताबद्दल शंका होती आणि मोठ्यांनी ती शंका मुलाच्या बाजूने वापरली, एवढं मात्र त्या सप्टेंबरातच स्पष्ट होतं. माझ्या लेखी तेवढं पुरेसं आहे.