घास भरवणारं यंत्र

कोल्हापूर जिल्ह्यात बिद्रीतल्या एखाद्या जुन्या घरात सफाईचा रोबो आणून सोडला, तर तो पहिल्याच उंबऱ्याला अडेल. अशा बहुतेक यंत्रांना साधारण 2 सेंटिमीटरचा चढ जमतो. आपला लाकडी उंबरा त्याहून बराच उंच. समजा, उंबरा नाही. पण खाली काळा कडप्पा असला तर? रोबो पोटाखालून इन्फ्रारेड किरण जमिनीवर सोडतो. ते परत आले नाहीत, की पुढे जिना आहे असं समजून मागे फिरतो. गडद फरशी हे किरण शोषते आणि सपाट जमिनीवरही त्याला कडा भासते. 2002 साली अमेरिकेत ‘रूम्बा’ हा सफाईचा रोबो आला. त्यानंतरची यंत्रं घराचा नकाशा काढू लागली, तरी ही खोड अनेकांत टिकून आहे.

मोटारींच्या कारखान्यात रोबोसमोर प्रत्येक सुटा भाग ठरल्या जागी, ठरल्या कोनात येतो, आणि माणूस जाळीपलीकडे असतो. घरात काहीच ठरलेलं नसतं. बाज सरकते, वाटेत दुधाची किटली असते, पोरं मधूनच पळतात. यंत्राला चेकर्ससारख्या पटावरच्या खेळात प्रौढांच्या बरोबरीला आणणं त्या मानाने सोपं, पण वर्षाच्या बाळाची नजर आणि हालचाल देणं महाकठीण, असं रोबोतज्ज्ञ हान्स मोरावेक यांनी 1988 सालीच मांडलं होतं. म्हणून ‘घरातली सगळी कामं करणारा रोबो’ या स्वप्नामागे धावण्यात मला अर्थ वाटत नाही. आधी घरात कुणाचं काय अडलंय, ते पाहावं.

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या बेतोडा गावच्या बिपीन कदम यांनी नेमकं हेच केलं. ते रोजंदारीवर काम करणारे. मुलगी दिव्यांग, तिला हात उचलता येत नाहीत. तिला आई भरवायची. पुढे आईच अंथरुणाला खिळली. कदम काम सोडून घरी येत आणि लेकीला जेवू घालत. मुलीला कुणावर अवलंबून न राहता वेळेवर जेवण मिळावं, असा पत्नीचा आग्रह होता. तसं यंत्र त्यांनी शोधलं, मिळालं नाही. मग दिवसाचे बारा तास काम करून उरलेल्या वेळात ते इंटरनेटवरून सॉफ्टवेअर शिकले आणि चार महिन्यांत यंत्र उभं केलं. 2022 साली त्याची बातमी देशभर झाली आणि गोवा राज्य नवोन्मेष परिषदेने पुढच्या विकासासाठी अर्थसाहाय्य दिलं. नाव ठेवलं ‘माँ रोबो’. जेवणाचं ताट यंत्रालाच पक्कं बसवलेलं असतं. भाजी हवी की वरणभात, ते मुलगी बोलून सांगते आणि यंत्र तो घास भरवतं.

ताट पक्कं बसवणं ही मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. वाटी कुठे आहे हे शोधायला कॅमेरा लागत नाही, चुकण्याची एक मोठी शक्यता तिथेच संपते. 1987 साली इंग्लंडमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या अकरा वर्षांच्या मुलासाठी ‘हँडी 1’ हा भरवणारा रोबो तयार झाला, तोही असाच एका मुलाच्या गरजेतून.

तरीही घास म्हणजे सोपं प्रकरण नव्हे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी काट्याने भरवणाऱ्या रोबोवर काम केलं, तेव्हा दिसलं की गाजराला काटा जोरात टोचावा लागतो, केळ्याचा काप मात्र काट्यावरून निसटतो. त्यासाठी काटा तिरका धरावा लागतो. वरणभाताला काटा चालतच नाही. चमचा ताटात तिरका शिरला पाहिजे, वर येताना आडवा झाला पाहिजे, आणि वाटेत हिसका बसला की वरण अंगावर. ओठांपाशी आल्यावर बरीच यंत्रं थांबतात, पुढे झुकायचं ते माणसाने. पण ज्यांना मानही पेलवत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी चमचा तोंडात अलगद ठेवणाऱ्या, अचानक झटका आला तर ओळखणाऱ्या रोबोवर कॉर्नेल विद्यापीठात काम झालं आहे.

आपल्याकडे शिवाय भाकरी आहे. तुकडा मोडायचा, पिठल्यात बुडवायचा, दुमडून उचलायचा. हे अजून यंत्राच्या हाती देऊ नये. घरच्या माणसाने दुधात किंवा आमटीत भाकरी कुस्करून द्यावी, पुढचं चमच्याने व्हावं. अशी वाटणी केली, की यंत्र स्वस्त होतं आणि बिघडतंही कमी.

हे काम बिद्रीच्या पंचक्रोशीत होऊ शकतं, असं मला मनापासून वाटतं. बिद्रीत दूधसाखर महाविद्यालय आहे, गारगोटीला मौनी विद्यापीठाची आयसीआरई ही अभियांत्रिकी संस्था आहे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात हवा तो भाग कातून मिळतो. विद्यार्थ्यांनी प्रकल्प निवडण्याआधी ज्या घरात कुणी अंथरुणावर आहे तिथे जाऊन जेवणाची वेळ बघावी. वीज गेली तर यंत्राचा हात तोंडाशी अडकून न राहता मागे ढकलता आला पाहिजे. चमचा काढून धुता आला पाहिजे. मोटर इतकीच ताकदीची हवी, की दातावर चमचा लागला तरी इजा होणार नाही. आणि ‘थांब’ हा शब्द यंत्राला कळेलच असं धरून चालू नये. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांचे उच्चार अनेकदा अस्पष्ट असतात, आवाज ओळखणारी सॉफ्टवेअरं तिथे चुकतात, शेजारी मिक्सर लागला तर आणखीच. हनुवटीने किंवा डोक्याने दाबता येईल असं एक मोठं बटण उशीपाशी हवंच. ते दाबताच यंत्र जागीच थांबावं आणि जेवणाऱ्याने सांगितल्याशिवाय पुन्हा हलू नये.