वादग्रस्त शांतता पुरस्कार आणि विधायक प्रतिसाद : बराक ओबामा यांच्या नोबेलच्या संदर्भात

शांततेच्या नोबेल पुरस्कारासाठी नामनिर्देशनाची मुदत २००९ साली १ फेब्रुवारीला संपली, तेव्हा बराक ओबामा यांना अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेऊन अवघे बारा दिवस झाले होते. ९ ऑक्टोबरला त्यांचे नाव जाहीर होताच टीकाकारांनी नेमके हेच बोट ठेवले. हा आक्षेप चटकदार असला तरी अर्धाच खरा आहे. निवड ऑक्टोबरमध्ये झाली. तोपर्यंत अण्वस्त्रमुक्त जगाची कल्पना मांडणारे प्राग येथील भाषण (५ एप्रिल) आणि मुस्लिम जगाला उद्देशून केलेले कैरो येथील भाषण (४ जून) होऊन गेले होते. मात्र भाषणे म्हणजे कार्य नव्हे, हा आक्षेपाचा उरलेला भाग बिनतोड होता.

अशा प्रसंगी समाजात दोन प्रतिक्रिया प्रामुख्याने उमटतात. नेत्याचे समर्थक पुरस्काराला कर्तृत्वाचा अंतिम दाखला मानतात, तर विरोधक पुरस्काराचीच टवाळी करतात. दोन्ही प्रतिक्रिया व्यक्तीपाशी येऊन थांबतात आणि शांततेचा प्रश्न बाजूला राहतो. वस्तुतः पुरस्कार देताना नॉर्वेच्या संसदेने नेमलेली पाच सदस्यांची समिती आपली कारणे जाहीर करते. ओबामा यांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय मुत्सद्देगिरी व लोकांमधील सहकार्य बळकट करण्याचे प्रयत्न हे कारण दिले गेले आणि अण्वस्त्रमुक्त जगाच्या ध्येयाला विशेष महत्त्व देण्यात आले. विधायक प्रतिसादाची सुरुवात या निवेदनापासून होते; कारण ते नेत्याच्या हाती दिलेले प्रशस्तिपत्र असले तरी नागरिकांच्या हाती आलेला मापदंडही असतो.

स्वतः ओबामा यांनी हा सन्मान कृतीसाठी दिलेली हाक म्हणून आपण स्वीकारत असल्याचे सांगितले होते. पुरस्काराची सुमारे चौदा लाख डॉलरची रक्कम त्यांनी पुढे दहा सेवाभावी संस्थांना वाटून दिली. तथापि खरा पेच निराळाच होता. १ डिसेंबर २००९ रोजी त्यांनी अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक धाडण्याची घोषणा केली आणि नवव्या दिवशी ओस्लोत पुरस्कार स्वीकारला. त्या व्याख्यानात त्यांनी गांधीजी व मार्टिन ल्यूथर किंग यांचा आदराने उल्लेख केला. परंतु राष्ट्रप्रमुखाला केवळ त्यांच्या आदर्शावर चालता येत नाही, असे सांगून प्रसंगी युद्धही न्याय्य ठरते, अशी भूमिका घेतली. शांतता पुरस्काराच्या व्यासपीठावरून युद्धाचे समर्थन व्हावे, हा विरोधाभास झाकण्याजोगा नव्हता आणि त्यांनी तो झाकलाही नाही. त्याच दिवशी ओस्लोच्या रस्त्यांवर युद्धविरोधी निदर्शने झाली. ती एका धोरणाविरुद्ध होती, म्हणूनच टवाळीहून अधिक मोलाची होती.

निवेदनाचा मापदंड लावल्यास हिशेब संमिश्र येतो. ८ एप्रिल २०१० रोजी प्राग येथेच रशियाशी ‘न्यू स्टार्ट’ करार झाला आणि दोन्ही देशांच्या तैनात सामरिक अण्वस्त्रांवर प्रत्येकी १,५५० ची मर्यादा आली. याउलट प्राग येथील भाषणात आश्वासन दिलेला सर्वंकष अणुचाचणीबंदी करार त्यांच्या कारकिर्दीत अमेरिकी सिनेटपुढे मतदानालाही आला नाही. नोबेल संस्थेचे माजी संचालक गेइर लुंदेस्ताद यांनी २०१५ मध्ये आपल्या आठवणींत या पुरस्काराचा अपेक्षित परिणाम झाला नाही, असे लिहिले.

पुरस्कार परत घ्यावा, ही मागणी अशा वेळी हमखास पुढे येते. नोबेल प्रतिष्ठानच्या नियमांत मात्र तशी तरतूदच नाही, त्यामुळे तिच्यावर खर्च झालेला उत्साह वाया जातो. १९७३ मध्ये हेन्री किसिंजर व ले डुक थो यांची निवड झाल्यावर समितीच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले आणि व्हिएतनाममध्ये शांतता प्रस्थापित झालेली नाही, या कारणास्तव थो यांनी पुरस्कार नाकारला. निषेधाचे ते परिणामकारक मार्ग होते, पण ते आतल्यांनाच उपलब्ध होते. इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद यांना २०१९ मध्ये पुरस्कार मिळाला व पुढच्याच वर्षी टिग्रेमध्ये युद्ध पेटले. तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये समितीने अपवाद म्हणून जाहीरपणे सांगितले की, पंतप्रधान व पुरस्कारविजेते या नात्याने संघर्ष थांबवण्याची विशेष जबाबदारी अबी यांच्यावर आहे. पुरस्काराची आठवण करून देऊन नेत्याकडे जाब मागण्याचे हे उदाहरण ओबामा यांच्या प्रकरणापेक्षाही बोलके आहे.

बाहेरच्यांसाठी एक मार्ग फारसा परिचित नाही. विविध देशांच्या संसदांचे सदस्य, तसेच इतिहास, सामाजिक शास्त्रे, कायदा, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र यांचे विद्यापीठीय प्राध्यापक शांतता पुरस्कारासाठी नामनिर्देशन करू शकतात. त्यासाठी निमंत्रणाची गरज नसते. मुदत ३१ जानेवारीपर्यंत असते. निवड चुकली असे ज्यांना वाटते, त्यांपैकी किती अभ्यासक पुढील वर्षी अधिक योग्य नाव सकारण पाठवतात, हे मात्र लगेच कळण्याची सोय नाही. समिती आपली कागदपत्रे पन्नास वर्षे गोपनीय ठेवते.