घर्षणात गेलेली ऊर्जा जाते कुठे?

बीड जिल्ह्यातल्या नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात बैल घेणारा दात बघतो, खूर बघतो आणि विचारतो, "ओढीला कसाय?" ओढ म्हणजे बल. किती पल्ला ओढेल, हा त्याचा पुढचा प्रश्न. बल आणि अंतर, दोन्हींचा हिशेब त्या सौद्यात आलाच. नववीच्या वर्गात याच दोहोंच्या गुणाकाराला 'कार्य' म्हणतात, आणि बाजारात तरबेज असलेलं पोरगं तिथे गप्प होतं.

त्याला कारण आहे. डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्याने चालणाऱ्याने ओझ्यावर केलेलं कार्य शून्य, हे उदाहरण वर्षानुवर्षं फळ्यावर येतं. इथल्या ऊसतोड करणाऱ्या घरच्या मुलाला त्यात आई दिसते, मोळी घेऊन फडातून चालणारी. बल वर, विस्थापन आडवं, म्हणून शून्य. गणित बरोबर आहे. पण ते शून्य मोळीच्या खात्यातलं. आईच्या स्नायूंत अन्नाची ऊर्जा खर्च होतच असते आणि तिची उष्णता होते. घाम येतो तो त्यामुळेच. तीच मोळी ३० किलोची असेल आणि ट्रकवर अडीच मीटर उंच चढवली, तर मोळीवर ७३५ ज्यूल कार्य झालं. कुणाच्या खात्याचा हिशेब चाललाय हे न सांगता नुसतं 'शून्य' म्हणणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

घर्षण आलं की गोंधळ वाढतो. समजा, बैलजोडी ५०० न्यूटन बलाने ओंडका एकाच वेगात १ किलोमीटर फरफटत नेते. बैलांचं कार्य ५ लाख ज्यूल, घर्षणाचं उणे ५ लाख, बेरीज शून्य, असं आपण लिहून देतो. मग ओंडक्याचं बूड तापलं कशाने? एखाद्या मुलीने हे विचारलं तर शिक्षक अडतात. त्यात त्यांचा दोष नाही, पाठ्यपुस्तकंही इथे घसरत आली आहेत. भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस शेरवूड यांनी १९८३ मध्ये, आणि पुढच्या वर्षी डब्ल्यू. एच. बर्नार्ड यांच्यासोबत, 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये हा गुंता सोडवला. घर्षणबल गुणिले ओंडक्याचं विस्थापन हा आकडा गतीचा हिशेब चोख देतो, पण ते घर्षणाने केलेलं खरं कार्य नव्हे. पृष्ठभागांवरचे बारीक उंचवटे अडकतात, वाकतात, सुटतात. बल जिथे लागतं ती जागा ओंडक्याइतकी सरकतच नाही. म्हणून खरं कार्य त्या ५ लाखांहून कमी भरतं. काही ऊर्जा ओंडक्यातच उष्णता होऊन राहते, बाकीची जमिनीत जाते.

वर्गात इतकं खोल जायला नको. ओंडका आणि जमीन मिळून एकच खातं धरावं. बैलांनी ५ लाख ज्यूल घातले, तेवढीच उष्णता वाढली. म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी, एका लहान भाकरीएवढी.

घर्षणातून उष्णता येते, हेच काउंट रम्फर्डने १७९८ मध्ये जगापुढे मांडलं. म्यूनिकमध्ये घोड्यांच्या बळावर तोफेचं भोक कोरताना घर्षणाने अडीच तासांत पाणी उकळलं होतं. कोरिओलिसने 'कार्य' ही संज्ञा पक्की केली १८२९ मध्ये, आणि कार्यातून किती उष्णता होते हे मोजणारे ज्यूलचे प्रयोग १८४० च्या दशकातले. आधी चटका, मग सूत्र. वर्गातही हाच क्रम मला योग्य वाटतो: पहिल्या तासाला तळहात घासायला लावावेत.

'घर्षण गतीला विरोध करतं' हे वाक्यही अर्धवट आहे. घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभागांच्या घसरण्याला. बैल खुराने जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे ढकलते, तेही घर्षणानेच. टेकलेला खूर सरकत नाही, म्हणून या घर्षणाचं कार्य शून्य. ऊर्जा येते ती कडब्यातून.

आणि ब्रेकचं घर्षण बघायला मांजरसुंब्याचा घाट तर जवळच आहे. १६ टनांचा ट्रक एकाच वेगाने १०० मीटर खाली उतरला, तर सुमारे १ कोटी ५७ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जेची उष्णता होते. ती सगळी पाण्याला देता आली, तर साधारण ५० लिटर पाणी उकळीला येईल. तापलेल्या ब्रेकचा वास ज्या मुलाने घेतलाय, त्याला हे गणित परकं वाटणार नाही.

बालभारतीच्या २०१७ च्या नववीच्या पुस्तकात 'कार्य आणि ऊर्जा' हा दुसराच धडा आहे. दिवाळीच्या सुमारास इथली कितीतरी मुलं आईवडिलांसोबत फडावर निघून जातात. शिक्षकांना विनंती एवढीच, की ती वर्गात आहेत तोवर हा धडा मोळी, बैल आणि घाट घेऊन शिकवा.