बाटलींतली ‘करी’ शाकाहारी काय?

गेल्या मार्गशीर्षांत माझा पुतण्या दोन वर्षांनीं इंग्लंडांतून देवळ्यास परत आला. घरांतल्या प्रत्येकासाठीं त्यानें कांहीं ना कांहीं आणलें होतें. स्वयंपाकघरासाठीं म्हणून एक काचेची बाटली निघाली. तींत वाटलेला तांबडा मसाला होता. “काकू, आज तुम्हीं ओट्यापाशीं यायचें नाहीं. मी थाई पद्धतीची करी करतों,” असें म्हणून त्यानें नारळाच्या दुधांत वांगीं व तो मसाला शिजवून सर्वांना वाढलें. वास अनोळखी, परंतु रुचि चांगली. सासूबाईंस ब्यायशीवें वर्ष चालू आहे. त्यांनीं दोनदां मागून घेतली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं रिकामी बाटली विसळतांना पाठीमागच्या बारीक अक्षरांकडे माझें लक्ष गेलें. घटकांच्या यादींत एक शब्द ठळक छापला होता. तो कोळंबीचा होता.

आतां हें सासूबाईंस सांगावें कीं नाहीं, ह्यावर माजघरांत खल झाला. धाकटे भावोजी म्हणाले, “नकळत घडलेल्याचा दोष नाहीं. ह्या वयांत आईच्या मनाला टोचणी कशाला?” जाऊबाईंना तें पटलें. मला पटलें नाहीं. चाळीस वर्षें त्या आमच्या हातचें न विचारतां जेवत आल्या आहेत. एवढी गोष्ट लपवून उद्यां त्यांच्यापुढें ताट कोणत्या तोंडानें मांडावें? मीं जाऊन सांगितलें. क्षणभर थांबून त्यांनीं एवढेंच विचारलें, “पोराला ठाऊक होतें का?” नव्हतें, म्हणतांच म्हणाल्या, “मग त्याला कोणी बोलूं नका.” त्या दिवशीं त्यांनीं दुधाशिवाय कांहीं घेतलें नाहीं. तिसऱ्या प्रहरीं मात्र आपण होऊन त्यांनीं त्यांच्या सासूबाईंची आठवण काढली. त्या काळीं अफगाणिस्थानाकडचा हिंग कातड्यांत शिवून येई. त्या वाण्याला खोदून खोदून विचारीत, आणि खात्री पटली नाहीं तर तो महिनाभर आमटीला नुसती जिऱ्याची फोडणी पडे.

त्या दिवसापासून मीं ह्या विषयाचा थोडा पाठपुरावा केला. मुलेंबाळें परदेशीं असलेल्या घरांना त्याचा उपयोग होईल, म्हणून हें लिहितें.

‘करी’ हा शब्द आपल्या स्वयंपाकघरांतला नव्हे. आपण आमटी, कढी, रस्सा, पिठलें म्हणतों, आणि पिठलें म्हटल्यावर त्यांत काय आहे हें कोणी विचारीत नाहीं. इंग्रजांनीं हा शब्द बहुधा तामिळ ‘करी’वरून उचलला. गंमत अशी कीं, तामिळ ब्राह्मणांच्या घरीं करी म्हणजे कोरडी भाजी, तर त्याच प्रांतांतल्या इतर अनेक घरांत नुसतें ‘करी’ म्हटलें तर मांस समजतात. हॅना ग्लास ह्या बाईंच्या १७४७ सालच्या इंग्रजी पाकपुस्तकांत करी आली आहे, ती कोंबड्यांची किंवा सशांची. तेव्हां नांवावरून शाकाहाराचा निर्णय लागत नाहीं. लागला तर उलटच लागेल!

कोरड्या करी पावडरीविषयीं फारशी काळजी नको. धने, हळद, मेथी, जिरें, मिरची ह्यांचेंच तें चूर्ण असतें. शंका सुरू होते ती ओल्या मसाल्यापाशीं व तयार सॉसपाशीं. थाई मसाल्यांत बारीक कोळंबी खारवून व आंबवून केलेला लगदा घालण्याची रीतच आहे. जपानी करीच्या चॉकलेटसारख्या वड्या मिळतात, त्यांपैकीं पुष्कळांत गाईची किंवा डुकराची चरबी असते. इंग्लंडांत तळलेल्या बटाट्यांवर पिवळा करी सॉस ओततात. तो बहुधा पीठ, तेल व मसाल्याचा असतो, पण कोठें कोठें कोंबडीचा अर्कही असतो. शिवाय ते बटाटे कांहीं दुकानांत गाईच्या चरबींत तळतात, हें निराळेंच. वूस्टरशर सॉस ह्या नांवानें मिळणाऱ्या सॉसांत पुष्कळदां लहान मासे असतात. तो दुसऱ्या पदार्थांतून गुपचूप पोटांत जातो.

आपल्या देशांत २००१ सालापासून वेष्टनावर खूण छापावी लागते. शाकाहारी पदार्थास हिरव्या चौकटींत हिरवें वर्तुळ. मांसाहारी पदार्थास पूर्वीं तपकिरी वर्तुळ होतें, २०२० च्या नियमांनीं त्याच्या जागीं त्रिकोण आला. आपल्या नियमांत अंडें मांसाहारांत धरलें आहे, दूध नाहीं. इंग्लंडांत ‘शाकाहारी’ ह्या शब्दाची कायद्यानें ठरविलेली व्याख्याच नाहीं, आणि तेथल्या बोलण्यांत शाकाहारी मनुष्य अंडें खातो. तेथें मासे, कोळंबी, अंडें, दूध हीं नांवें ठळक छापतात खरीं. पण तीं ज्यांना हे पदार्थ बाधतात त्यांच्या जिवासाठीं. कोंबडीची चरबी ह्या यादींत नाहीं, ती साध्या अक्षरांतच राहते. आणि मुलांच्या बॅगेंतून आलेल्या बाटलीवर आपली हिरवी खूण कोठून असणार?

खरी अडचण आंकड्यांची आहे. वेष्टनावर ६३१ असा आंकडा आढळला तर तो रुचि वाढविणाऱ्या एका द्रव्याचा समजावा. तें मांसापासून किंवा माशांपासून काढतां येतें, आणि वनस्पतिजन्य पदार्थ आंबवूनही करतां येतें; नुसत्या आंकड्यावरून कांहींच कळत नाहीं. दिल्ली उच्च न्यायालयानें डिसेंबर २०२१ मध्यें ह्याच द्रव्याचें उदाहरण घेऊन, मूळ वनस्पतीचें कीं प्राण्याचें हें स्पष्ट लिहिलें पाहिजे, असें सांगितलें. ४७१ ची गोष्ट तशीच. १२० हा तांबडा रंग मात्र किड्यांपासूनच काढतात. उलट ६२१, ज्याला आपल्या बायका उगीच भितात, तें हल्लीं उसाची मळी किंवा पिष्ट आंबवून करतात. शाकाहाराच्या दृष्टीनें त्यास बाध नाहीं.

परदेशाकडे बोट दाखवितांना आपल्या सडकेवरचें विसरूं नये. उमराण्याच्या कांदा-बाजाराहून परततांना आमच्याकडची मंडळी हॉटेलांत शेवभाजी खातात. पाटीवर दोन्ही प्रकार लिहिलेले असतात. काळ्या मसाल्याची तर्री दोन्हींना एकाच पातेल्यांतून जाते काय, पळी एकच काय, हें विचारल्यावांचून कळत नाहीं. भावोजींनीं आतां विचारण्यास सुरुवात केली आहे; एका ठिकाणीं नोकर हंसला, दुसरीकडे मालकानें आंत नेऊन पातेलीं दाखविलीं.

पुतण्या आठवडाभर मान खालीं घालून वावरत होता. परत जाण्यापूर्वीं त्यानें पाटा धुऊन घेतला आणि तांबड्या मिरच्या, लसूण, आलें, कांदा, परसांतला गवती चहा व लिंबाचीं पानें स्वतः वाटलीं. सासूबाई पाटावर बसून पाहत होत्या. एकेक जिन्नस पाट्यावर पडतांना त्या नांव विचारीत आणि तो सांगे. पान वाढल्यावर त्यांनीं पहिला घांस घेतला आणि म्हणाल्या, “मीठ कमी पडलें आहे रे.”