शहराच्या नंबरची बीअर

शिकागो शहराच्या मध्यभागाचा टेलिफोन कोड ३१२. आपल्या पुण्याचा जसा ०२०. तिथल्या गूस आयलंड नावाच्या ब्रुअरीने २००४ साली गव्हाची एक हलकी बीअर बाजारात आणली आणि तिचं नाव ठेवलं ‘३१२’. नाव लोकांना एकदम भावलं. ही आमच्या गावची, हे सांगायला आणखी काही बोलायची गरजच उरली नाही.

काही वर्षांनी ही बीअर न्यूयॉर्क राज्यातल्या बाल्डविन्सव्हिल या छोट्या गावातल्या प्रचंड कारखान्यात बनू लागली. शिकागोपासून हजारेक किलोमीटर दूर. तिथला टेलिफोन कोड ३१५. बाटलीवरचा आकडा मात्र तोच राहिला. ‘०२०’ नावाची बीअर पुण्यात अभिमानाने प्यायची आणि ती बनते ग्वाल्हेरला, अशी कल्पना करून पाहा. शिकागोकरांच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, ते लगेच कळेल.

या ब्रुअरीचे संस्थापक जॉन हॉल हे खोकी आणि पॅकिंगचं सामान बनवणाऱ्या एका बड्या कंपनीत अधिकारी होते. विमानप्रवासात हाती आलेल्या मासिकात त्यांनी छोट्या ब्रुअऱ्यांवरचा एक लेख वाचला आणि विचार पक्का होत गेला. १९८८ साली शिकागोच्या क्लायबोर्न अॅव्हेन्यूवर त्यांनी ब्रूपब सुरू केला. ब्रूपब म्हणजे जिथे बनते तिथेच प्यायची अशी जागा. त्या काळात अमेरिकेत बीअर म्हणजे दोन-तीन अवाढव्य कंपन्यांची, पाण्यासारखी फिकट, देशभर एकाच चवीची बीअर. हॉल यांच्याकडे इंग्लंडच्या धर्तीची तांबूस, माल्टच्या चवीची बीअर मिळायची. लोकांना आधी ती समजावून सांगावी लागे. पुढे त्यांचा मुलगा ग्रेग मुख्य ब्रुअर झाला आणि १९९५ मध्ये फुल्टन स्ट्रीटवर मोठी ब्रुअरी उभी राहिली.

माल्ट म्हणजे काय, हे मराठी घरात समजावून सांगायला वेळ लागू नये. बाळासाठी नाचणी सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो, वाळवतो आणि मग दळतो. मोड येताना दाण्यातल्या पिठाची साखर करणारी द्रव्यं जागी होतात, म्हणून सत्त्व गोडसर लागतं आणि पचायला हलकं होतं. सातूच्या दाण्यावर हेच केलं की माल्ट होतो. फक्त शेवटी तो भट्टीत वाळवतात, आणि किती भाजायचा यावर बीअरचा रंग ठरतो. पुण्यात मुंढव्याच्या एका मायक्रोब्रुअरीत ब्रुअरने माझ्या तळहातावर मूठभर माल्ट ठेवला आणि चावून बघायला सांगितलं. फुटाण्यासारखा कुरकुरीत, आणि मागून बिस्किटाची गोडी. काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या उभ्या होत्या, तळाच्या झाकणातून एक मुलगा गरम चोथा उपसत होता. हा चोथा गुरांच्या खाद्यासाठी जातो, असं त्याने सांगितलं. समोर बनताना पाहिलेली ती बीअर त्या दिवशी मला वेगळीच लागली, आणि ती चव नुसत्या जिभेची नव्हती. मोठ्या झालेल्या ब्रुअरीवर चाहते नेमके कशासाठी रागावतात, ते मला तिथे उमगलं.

गूस आयलंडची मागणी वाढतच गेली. टाक्या पुऱ्या पडेनात. नव्या टाक्या घ्यायच्या तर भांडवल हवं, आणि कर्ज काढून विस्तार करायचा तर सगळं गहाण टाकावं लागणार. २०११ च्या मार्चमध्ये बातमी आली: ‘बडवायझर’ बनवणारी जगातली सर्वांत मोठी बीअर कंपनी, अॅनह्यूझर-बुश इनबेव्ह, गूस आयलंड विकत घेणार. सौदा ३ कोटी ८८ लाख डॉलरचा. ज्या फिकट बीअरला कंटाळून लोक क्लायबोर्नच्या बाकावर येऊन बसले होते, तीच बनवणारी कंपनी आता मालक होती.

जॉन हॉल यांना दोष देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. तेवीस वर्षं त्यांनी ही ब्रुअरी वाढवली होती. माणसाचं वय होतं, भागीदारांना आपले पैसे हवे असतात. दुसरीकडे चाहत्यांचंही काही चुकलं नव्हतं. कुणी ओळखत नव्हतं तेव्हा त्यांनी ही बीअर मित्रांना पाजली, बारवाल्यांकडे मागणी केली, पाहुण्यांना मुद्दाम ब्रूपबमध्ये नेलं. ब्रुअरीचं नाव झालं त्यात त्यांच्या तोंडी प्रचाराचा वाटा होता. त्या कामाचा मोबदला त्यांनी कधी मागितला नाही. विक्रीच्या वेळी त्यांना कुणी विचारलंही नाही.

खरा पेच उभा केला तो बोरबॉन काउंटी स्टाउटने. ही काळीभोर, दाट बीअर ग्रेग हॉल यांनी नव्वदच्या दशकात केली. बोरबॉन व्हिस्की काढून घेतलेल्या ओकच्या पिंपांत स्टाउट भरून महिनोन् महिने मुरवायची. लाकडात जिरलेली व्हिस्की, व्हॅनिलासारखा वास, जळकट गोडी असं सगळं तिच्यात उतरतं. मद्यार्काचं प्रमाण साध्या बीअरच्या जवळजवळ तिप्पट. पिंपात मुरवलेल्या बीअरची अमेरिकेतली सगळी लाट या एका प्रयोगातून उठली, असं म्हटलं तर ते अतिशयोक्तीचं होणार नाही. आता गंमत अशी की ३१२ आणि हाँकर्स एल या रोजच्या खपाच्या बीअर दूरच्या कारखान्यात गेल्यामुळे शिकागोतल्या टाक्या मोकळ्या झाल्या. नव्या मालकाच्या पैशाने पिंपांचं भलंमोठं कोठार उभं राहिलं. पूर्वी मोजक्या दुकानांत मिळणारी बोरबॉन काउंटी देशभर जाऊ लागली. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, नोव्हेंबरच्या थंडीत, लोक पहाटेपासून दुकानांबाहेर रांगा लावू लागले. कंपनी विकली म्हणून शिव्या देणारेच त्या रांगेत उभे असत. यात ढोंग नाही. आवडत्या गायकाने सिनेमात गायला सुरुवात केली म्हणून हळहळणारा माणूस ती गाणी ऐकायचं सोडत नाही.

मग २०१५ ची भट्टी आली. बाटल्या उघडणाऱ्यांना आंबट चव लागू लागली. बीअर बिघडवणारा लॅक्टोबॅसिलस जातीचा जिवाणू, दही लावणाऱ्या जिवाणूंचाच भाऊबंद, बाटल्यांत शिरला होता. कंपनीने चूक मान्य केली, पैसे परत दिले आणि पुढच्या वर्षापासून ही बीअर बाटलीत भरण्याआधी पाश्चराइज होऊ लागली. लाकडात जिवाणू दडून बसतात, हा धोका छोट्या ब्रुअरीलाही असतो. मालक मोठा झाला म्हणून बीअर आंबली, हा आरोप त्यामुळे टिकत नाही. पाश्चरायझेशनवर मात्र चाहत्यांत अजून दोन तट आहेत. कोठीत वर्षानुवर्षं ठेवून बीअर बदलत जाताना बघायची ज्यांना हौस, त्यांना ती जिवंत हवी असते.

आकार वाढला की चव बदलते का? बदलते, आणि त्याचं कारण लग्नाच्या स्वयंपाकाचा कुठलाही आचारी सांगेल. दहा माणसांच्या आमटीचं प्रमाण शंभराने गुणून हजार माणसांची आमटी होत नाही. तिखट-मीठ वेगळं पडतं, पातेलं निवायला वेळ लागतो आणि तोवर आतलं शिजतच राहतं. बीअरचंही तसंच. मोठ्या भांड्यात उकळलेला रस जास्त वेळ गरम राहतो, त्यामुळे हॉप्सच्या फुलांचा कडूपणा जास्त उतरतो. आंबवण्याच्या टाक्या उंच झाल्या की तळाच्या यीस्टवर दाब येतो, द्रवात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो आणि फळांसारखा वास देणारी एस्टर द्रव्यं कमी तयार होतात. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बीअरला जो पिकल्या केळ्याचा वास येतो, तो याच एस्टरचा. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअऱ्यांत हीच बीअर आवडीने पितात, म्हणून हा तपशील आपल्याही कामाचा.

पण जाणकार ब्रुअर हे सांभाळून घेऊ शकतो. केन ग्रॉसमन यांनी १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको गावी दूध डेअरीच्या जुन्या भांड्यांवर सिएरा नेवाडाची बीअर बनवायला सुरुवात केली. पुढे देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायनात मिल्स रिव्हर इथे, दुसरी मोठी ब्रुअरी बांधली. तिथली पेल एल चिकोच्या चवीला येईपर्यंत त्यांनी पुन्हा पुन्हा भट्ट्या लावून पाहिल्या. आज सिएरा नेवाडा अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या क्राफ्ट ब्रुअऱ्यांपैकी एक आहे, मालकी अजून कुटुंबाची आहे आणि चाहत्यांचा विश्वास टिकून आहे. प्रश्न आकाराचा असता तर सिएरा नेवाडाही नजरेतून उतरली असती.

प्रश्न आहे निर्णय कोण घेतो याचा. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनने क्राफ्ट ब्रुअरीची व्याख्या करताना तेच धरलं आहे. वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन चालतं, एक बॅरल म्हणजे सुमारे ११७ लिटर. ही मर्यादा पूर्वी २० लाखांची होती, ती वाढवली. पण क्राफ्ट नसलेल्या मद्यकंपनीची मालकी २५ टक्क्यांपर्यंत गेली की नाव कटलं. गूस आयलंड अशीच यादीबाहेर गेली. चाहत्यांची भीती किती रास्त होती ते २०१५ मध्ये दिसलं. अॅनह्यूझर-बुशने जानेवारीत सिएटलची एलिसियन ही ब्रुअरी घेतल्याचं जाहीर केलं आणि काही दिवसांतच, सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, भोपळा-पीच घातलेल्या बीअरची टिंगल करणारी बडवायझरची जाहिरात देशभर दाखवली. एलिसियनने अशी बीअर पूर्वी केलेली होती. ज्यांना विकत घेतलं, त्यांच्या कामाचीच थट्टा. एलिसियनचे एक संस्थापक, डिक कँटवेल, तिथून बाहेर पडले.

आपल्याकडे हा प्रवास उशिरा सुरू झाला. २००९ मध्ये पुण्यात सुकेतु तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी जर्मन ब्रुअर ऑलिव्हर शाउफ यांना घेऊन ‘डूलाली’ सुरू केली. महाराष्ट्रातली ही पहिली मायक्रोब्रुअरी. शब्द आपल्याच मातीतला आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत ब्रिटिश सैनिक महिनोन् महिने पडून असत आणि कंटाळून त्यांचं डोकं फिरे. त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणत, म्हणजे आपला देवळालीचा ताप. पुण्यातून निघालेली ही ब्रुअरी पुढे मुंबईत अंधेरी, वांद्रे, कुलाबा अशी पसरली, तेव्हा आम्हा पुणेकरांना अभिमान वाटला आणि थोडं चुकल्यासारखंही झालं. मला दोन्ही भावना खऱ्या वाटतात.

घाईच्या विस्ताराचा धडा मात्र ‘बिरा ९१’ने दिला. अंकुर जैन यांनी २०१५ मध्ये आणलेल्या या बीअरच्या नावात भारताचा टेलिफोन कोड आहे, आणि सुरुवातीला ती बनत होती बेल्जियममध्ये. काही वर्षांत ती गावोगावी पोचली. जपानच्या किरिन कंपनीचा पैसा आला. मग कंपनीच्या नावातला ‘प्रायव्हेट’ हा शब्द काढला गेला आणि प्रत्येक राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याकडे लेबलांची नोंदणी नव्याने करावी लागली. काही महिने विक्री अडकून पडली. २०२३-२४ मध्ये कंपनीला सुमारे ७४८ कोटी रुपयांचा तोटा झाला. २०२५ मध्ये थकलेल्या पगारांसाठी कर्मचारी संस्थापकालाच हटवा अशी मागणी करू लागले. ज्यांनी टाक्या धुतल्या, पिंपं उचलली, त्यांचे पगार अडकावेत याचा मला चवीच्या कुठल्याही बदलापेक्षा जास्त राग येतो.

माझं मत सांगतो. ब्रुअरीने वाढावं. तरुण ब्रुअरला चांगला पगार मिळावा, नाशिक-कोल्हापूरच्या माणसालाही चांगली बीअर मिळावी. पण गावाचं नाव लावायचं असेल तर बीअर त्या गावात बनावी, आणि ती दुसरीकडे बनू लागली तर तसं ठळक अक्षरांत सांगावं. चाहत्यांचं मागणं खरं तर एवढंच असतं.

क्लायबोर्न अॅव्हेन्यूवरचा तो पहिला ब्रूपब २०२३ च्या डिसेंबरमध्ये बंद झाला. पुढच्या खेपेला बाटली हातात आली की पुढचं नाव वाचून झाल्यावर ती उलटी फिरवा आणि मागची बारीक अक्षरं वाचा: कुठे बनली, कुणी बनवली, कधी भरली. आणि मायक्रोब्रुअरीत बसला असाल तर ब्रुअरला बोलावून माल्ट चाखायला मागा. तो आनंदाने देईल.