इंजिनाचें तेल कोठून गळतें, हें शोधण्याची रीत

आपल्या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं हल्लीं मोटार किंवा ट्रॅक्टर उभा असतो. पूर्वीं बैलगाडीच्या आंसास वंगण दिलें कीं काम भागे, व तें थोडें वाहून गेलें तरी त्याची कोणी फिकीर करीत नसे. इंजिनाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या पोटांतील तेल नुसतें घर्षण कमी करीत नाहीं. तें आंतील उष्णता वाहून नेतें, व झिजून निघालेला कीस गाळणीपर्यंत पोंचवितें. तें फार कमी झालें म्हणजे बेअरिंगें तापून क्रँक जखडून बसतो, आणि ऐन हंगामांत इंजिन पुन्हां बांधण्याचा खर्च अंगावर येतो.

गळती किती आहे याचा हिशेब सोपा आहे. एका मिलिलिटरांत तेलाचे सुमारें २० थेंब धरावे. मिनिटास एक थेंब गळत असेल, तर चोवीस तासांत ७२ मिलिलिटर, व चौदा दिवसांत सुमारें एक लिटर तेल जातें. तेलाच्या पट्टीवरील वरच्या व खालच्या खुणांमध्यें बहुधा इतकेंच अंतर असतें. हा झाला उभ्या गाडीचा हिशेब. इंजिन चालूं असतांना तेल दाबाखालीं असतें, तेव्हां तें याहून पुष्कळ वेगानें जाऊं शकतें.

पण गळती आहे हें कळणें व ती कोठें आहे हें कळणें, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोरी अरब येथील एका कास्तकाराची जुनी डिझेल मोटार आहे. तिचें इंजिन व गिअरबॉक्स जेथें जोडले आहेत, नेमका तेथून थेंब पडे. तें पाहून एका मिस्त्र्यानें क्लचमागील ऑइल सील गेलें, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असें सांगितलें. मालकानें दम धरून आधीं इंजिन धुवून घेतलें. मग दिसलें कीं सील शाबूत असून, वरच्या टॅपेट कव्हराच्या मागल्या कोपऱ्याचें पॅकिंग कडक होऊन फुटलें आहे, आणि तेथील तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत खालीं येत आहे. दोन दिवसांचें काम तासाभरांत झालें. त्या मिस्त्र्यास अप्रामाणिक म्हणण्याचें कारण नाहीं. थेंब पडतो ती जागा हीच गळतीची जागा, असें धरून चालल्यास कोणीही हेंच निदान केलें असतें.

तेल उतारानें खालीं येतें, व गाडी धांवूं लागली कीं पंख्याच्या आणि समोरच्या वाऱ्यानें मागें पसरतें. त्यांत आपल्याकडील काळ्या मातीची धूळ व कापसाचे तंतू चिकटून इंजिनावर लेप बसतो. महसुलाच्या कामांत बांधाचे दगड मातीखालीं गेले असले म्हणजे आधीं ते उघडे करावे लागत, मगच मोजणीची सांखळी टाकतां येई. येथेंही क्रम तोच आहे. धुण्याचा हेतु गाडी चकचकीत करणें हा नसून, जुना डाग काढून नवा डाग उठूं देणें हा आहे.

इंजिन पूर्ण थंड असतांनाच धुवावें. तापलेल्या बिडावर गार पाणी पडल्यास त्यास तडा जाण्याची भीति असते, व धुराच्या तापलेल्या नळीवर रॉकेल पडल्यास आग लागते. आधीं बॅटरीची ऋण तार सोडवावी. आल्टरनेटर, हवेच्या गाळणीचें तोंड, विजेचे जोड, आणि पेट्रोलचें इंजिन असल्यास ठिणगीचे भाग प्लॅस्टिकच्या पिशव्यांनीं बांधून झांकावे. तेल भरण्याचें झांकण व तेलाची पट्टी घट्ट बसली आहे याची खात्री करावी. मग लांकडी किंवा बांबूच्या पट्टीनें जाड लेप खरवडावा. लोखंडी खरवडणीनें ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. नंतर रॉकेल अथवा डिझेल ब्रशानें थोडथोडें लावून मळ सैल करावा, पट्ट्यांस व रबरी नळ्यांस तें लागूं देऊं नये, आणि शेवटीं साबणाच्या पाण्यानें व हलक्या धारेनें धुवावें. पेट्रोल या कामीं कदापि वापरूं नये. धुलाई केंद्रावरील जोरदार फवाऱ्यानें काम झपाट्यानें होतें हें खरें, पण तें पाणी सिलांच्या ओठांतून व विजेच्या जोडांतून आंत शिरतें, आणि रेडिएटरच्या पातळ पात्या वांकवितें. धुतल्यावर इंजिन पुसून पुरें वाळूं द्यावें.

आतां सपाट जागीं गाडी उभी करून तेलाची पातळी पहावी, व ती टिपून ठेवावी. संशयित सांध्यांवर अंगास लावावयाची पांढरी पावडर हलकी भुरभुरावी. तेल आलें कीं तेथें काळी रेघ उमटते. कित्येक जण रांगोळी वापरतात, पण ती खरखरीत असल्यानें सिलाजवळ नको. इंजिन जागेवर कांहीं मिनिटें चालवून, बंद करून, बॅटरीच्या उजेडांत पहावें. नंतर चार-पांच मैल गाडी फिरवून पुन्हां पहावें. शोध नेहमीं वरून खालीं घ्यावा: प्रथम टॅपेट कव्हर, मग तेलाच्या दाबाचा स्विच, तेलाची गाळणी, पुढील टायमिंग कव्हर व क्रँकचें पुढचें सील, आणि शेवटीं खालचा चेंबर व त्याचा डाट. ओल्या जागांपैकीं जी सर्वांत वर आहे, संशय तिच्यावर घ्यावा. रात्रीं गाडीखालीं पांढरा पुठ्ठा पसरून पुढच्या चाकांच्या जागा त्यावर खुणावल्या, तर सकाळीं थेंब कोणत्या भागाखालीं पडले तें समजतें.

पडलेला पदार्थ तेलच आहे ना, हेंही पहावें. डिझेल पातळ असून वासावरून ओळखतां येतें. गिअरचें तेल जाड व गंधकासारख्या उग्र वासाचें. रेडिएटरचें पाणी बहुधा हिरवें किंवा गुलाबी. चाकाजवळ फिकट पिवळा पातळ पदार्थ दिसला तर तें ब्रेकचें तेल समजावें, व गाडी तेथेंच उभी ठेवावी.

एका कारणाकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें. पिस्टनच्या कडांतून थोडा वायु नेहमींच खालच्या पोकळींत उतरतो, व तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदरची नळी ठेवलेली असते. ही नळी काजळीनें तुंबली कीं आंत दाब वाढतो, आणि तेल मिळेल त्या सांध्यांतून बाहेर ढकललें जातें. अशा वेळीं एक सील बदललें तर महिन्याभरांत दुसरें गळूं लागतें. म्हणून एकाच वेळीं तीन-चार ठिकाणीं ओल दिसल्यास आधीं ब्रीदर साफ करावा. तो साफ असूनही तेल भरण्याच्या तोंडांतून धुराचे लोट येत असतील, तर रिंगा झिजल्या आहेत, व पॅकिंगें बदलून कांहीं साधणार नाहीं. तेल वरच्या खुणेपेक्षां जास्त भरण्याची संवयही अशीच नडते.

कांहीं गळती इंजिनाच्या घडणींतलीच असते. अँबॅसिडर मोटार उत्तरपाडा येथें १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार होत असे. तिच्या जुन्या १४८९ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनांत क्रँकच्या मागल्या टोंकास रबरी सील नसून नुसते आटे पाडलेले असत. क्रँक फिरतांना ते तेल आंत परत ढकलीत, व इंजिन थांबलें कीं दोन-चार थेंब बाहेर येत. तेवढ्यासाठीं इंजिन उतरविणें म्हणजे निव्वळ पैशाची नासाडी होय. सांधा ओला दिसतो पण थेंब पडत नाहीं, अशा ठिकाणीं मी तरी पुसून वाट पहाणें पसंत करीन.

पॅकिंग बदलतांना बोल्ट आळीपाळीनें व बेतानें आंवळावे. जोर केल्यास पत्र्याचें कव्हर वांकून नवी गळती होते. चेंबरच्या डाटाखालील तांब्याचा वायसर दर वेळीं नवा घालावा.

धुतलेलें पाणी नाल्यांत सोडूं नये. आपल्या गांवांत तें अडाण नदीस जाऊन मिळेल. गाडीखालीं घमेलें व भुशाचें पोतें ठेवावें, आणि जमलेलें काळें तेल डब्यांत भरून जुनें तेल विकत नेणाऱ्यास द्यावें. तें हातास लागल्यास लगेच साबणानें धुवावें, कारण वापरलेलें तेल कातडीस अपायकारक आहे.