ऐकायची बातमी, वाचायची बातमी

न्यूयॉर्कचं डब्ल्यूएनवायसी हे सार्वजनिक रेडिओ केंद्र १९२४मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याची मालक खुद्द महापालिका होती. १९४५च्या उन्हाळ्यात वृत्तपत्रं पोहोचवणाऱ्यांचा संप झाला आणि महापौर ला गार्डिया माइकपुढे बसून मुलांना ‘डिक ट्रेसी’ची चित्रकथा वाचून दाखवू लागले, तीही साभिनय! गोड प्रसंग, पण मालकच माइकवर, तर त्याच्या कारभाराची बातमी करणार कोण?

१९९७मध्ये केंद्र पालिकेच्या हातून सुटलं. २०१०मध्ये त्याने राजकारणासाठी ‘इट्स अ फ्री कंट्री’ ही वेगळी साइट काढली. ब्रायन लेहरर यांचा सकाळचा फोन-इन कार्यक्रम हाताशी होताच, त्यामुळे कच्च्या मालाची ददात नव्हती. अडचण वेगळीच असते. उमेदवार “अं… बघू” म्हणत रेंगाळतो, ते रेडिओवर सगळं सांगून जातं; छापलं की नुसती तीन टिंबं उरतात. म्हणून अशा पानावर मजकुराशेजारी ध्वनिफीत हवीच. मथळाही जपून द्यावा लागतो. १९६७च्या अमेरिकी कायद्यानुसार सार्वजनिक केंद्राला कुणा उमेदवाराची तळी उचलता येत नाही, की विरोधही करता येत नाही. निवडणुकीच्या तोंडावर अमुकला मत द्या म्हणणाऱ्या अग्रलेखाची चैन वृत्तपत्रांना, या केंद्रांना नाही.